मागच्या रांगेतल्या नर्तकींचा मक्ता

हिंदी किंवा मराठी सिनेमातलं तुमच्या आवडीचं एखादं नाचाचं गाणं आठवून बघा. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, आवाज कुणाचा, पडद्यावर नायिका कोण, हे बहुतेकांना सांगता येईल. आता त्याच नायिकेच्या मागं दोन रांगांत नाचणाऱ्या दहा-बारा जणींपैकी एकीचं तरी नाव सांगा. हा प्रश्न मी माझ्या ओळखीतल्या अनेक सिनेमावेड्यांना विचारला आहे, आणि कोल्हापुरात अशा माणसांना तोटा नाही. कोणता चित्रपट कोणत्या टॉकीजला किती आठवडे चालला हे तोंडपाठ असणारी ही मंडळी, या प्रश्नावर मात्र गप्प झाली. त्यांना दोष देता येत नाही. जे नाव पडद्यावर कधी आलंच नाही, ते आठवणार तरी कुठून?

या नाचणाऱ्या बायकांना आणि पुरुषांना सिनेमाच्या भाषेत 'ग्रुप' म्हणतात, पूर्वी सरसकट 'एक्स्ट्रा' म्हणायचे. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचा, नसला तरी चालेल असा. या शब्दातच सगळा अन्याय आहे, कारण त्यांना काढून टाकलं तर आपल्या आवडीची निम्मी गाणी पडद्यावर उभी राहणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याची मेहनत पडद्यावर दिसते त्याचं नावही तिथं असलं पाहिजे. आणि जुन्या काळातल्या ज्यांची नावं राहून गेली, ती त्यांच्या हयातीत गोळा करण्याचं काम आपल्यालाच करावं लागेल.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते. या दोन्ही भाषांतल्या कवींनी एक गोष्ट फार आधी ओळखली होती. आपण गेल्यावर शब्द उरतील, पण ते आपले होते हे कुणाला कळेल याची खात्री नाही. म्हणून त्यांनी आपलं नाव रचनेतच विणून टाकलं. गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात, आणि त्यात शायर आपलं तखल्लुस घालतो. अभंगाच्या शेवटी तुकोबा स्वतःचं नाव घेतात, श्रीगोंद्याचे शेख महंमदही घेतात. लावणीच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आपली खूण ठेवून जातो. जेजुरीचे सगनभाऊ हे मुसलमान शाहीर, शिकलगार जमातीतले, पेशवाईच्या अखेरच्या काळातले. ना छापखाना, ना रेकॉर्ड, तरी त्यांची लावणी आज त्यांच्या नावानं ओळखली जाते.

पण तीच लावणी फडावर ज्यांनी नाचून दाखवली, त्यांचं काय? नाचाला मक्ता नसतो. पाय थांबले की रचना संपली. गाणाऱ्यांचं निदान घराणं तरी मागं राहिलं. शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले, आणि त्यांची तालीम केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यापर्यंत नावानिशी पोचली. कोण कुणाचं शागीर्द हे गाण्यात अभिमानानं सांगितलं जातं. सिनेमाच्या ग्रुपमध्ये नाचणारीला असा शजरा नाही.

गाणाऱ्यांनाही नाव काही फुकट मिळालं नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी गाताना गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं ठणकावून सांगायच्या. रेकॉर्डचे तवे जर्मनीत तयार व्हायचे आणि तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा हे कळावं, असं त्यामागचं कारण सांगतात. कारण काही का असेना, एका तवायफेनं आपला मक्ता आपल्याच तोंडानं म्हणून ठेवला. पुढं 1949 मध्ये 'महल' चित्रपट आला, तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालानं रंगवलेलं पात्र. आवाज होता लता मंगेशकरांचा. रेडिओवर गाणं ऐकून लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, ही गाणारी कोण ते सांगा, आणि मग खरं नाव जाहीर झालं.

लोकांनी विचारलं, म्हणून लताबाईंचं नाव पुढं आलं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी नाचणारी कोण, असं विचारणारं पत्र मात्र आपल्यापैकी कुणी लिहिलं नाही.

या बाबतीत कोल्हापूरची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. पडद्यावरच्या बाईचं नाव आणि तिची इज्जत हा प्रश्न या गावानं अगदी सुरुवातीला पाहिला आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते साळुंके, म्हणजे एक पुरुष, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळत नव्हती. बाबुराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 च्या 'सैरंध्री'त स्त्रियांना पडद्यावर आणलं. त्या दोघी म्हणजे गुलाबबाई आणि अनुसयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्या समाजानं त्यांना वाळीत टाकलं आणि त्यांना कंपनीच्या आवारातच राहावं लागलं. नाव बदलूनही सुटका झाली नाही. कोल्हापूरच्या सिनेमाचा इतिहास सांगताना आपण बाबुरावांचा कॅमेरा आणि त्यांना मिळालेली 'सिनेमा केसरी' ही पदवी सांगतो. या दोघींचं घर सुटलं, हे त्याच इतिहासाचं पहिलं पान आहे.

त्यानंतर प्रभात आली, कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गाजला. तमाशापटांचा काळ तर इथल्याच मातीचा. या सगळ्या काळात किती जणींनी घुंगरू बांधले असतील! सिनेमाची श्रेयनामावली तेव्हा तीन-चार पाट्यांची असायची. नायक, नायिका, गीत, संगीत, छाया, दिग्दर्शन. फार तर नृत्यदिग्दर्शकाचं नाव. त्यानं ज्यांना शिकवलं, त्या कुणीच नाहीत.

या रांगेतून पुढं आलेल्या बायका आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यामुळेच कळतं की मागं काय दर्जाची माणसं उभी होती. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' 1955 मध्ये आला. नाव झालं संध्या आणि गोपीकृष्ण यांचं, आणि ते रास्तच होतं. त्याच चित्रपटातल्या समूहनृत्यात एक कोवळी मुलगी नाचत होती, जयश्री गडकर. चारच वर्षांनी, 1959 मध्ये, अनंत मानेंच्या 'सांगत्ये ऐका'नं तिला घराघरांत पोचवलं. पुण्यात तो चित्रपट 131 आठवडे चालला. मराठी सिनेमाची पुढची मोठी नायिका त्या रांगेत उभी होती आणि पाटीवर तिचं नाव नव्हतं.

ब्रह्मदेशातून युद्धाच्या धामधुमीत जीव वाचवून आलेली हेलन अशीच. कुक्कू त्या वेळची नावाजलेली नर्तकी होती. तिनं हेलनला कामाला लावलं, आणि 1951 च्या 'शबिस्तान' आणि 'आवारा'मध्ये हेलन ग्रुपमध्येच नाचली.

आणि सरोज खान. जन्मानं निर्मला नागपाल. पुढं इस्लाम स्वीकारला तो स्वतःच्या मर्जीनं, असं त्या स्पष्ट सांगायच्या. लहानपणीच घर चालवण्यासाठी त्या ग्रुप डान्सर झाल्या, मग बी. सोहनलाल यांच्या साहाय्यक. स्वतंत्र नृत्यदिग्दर्शक म्हणून नाव लागलं ते 1974 च्या 'गीता मेरा नाम'ला. 1988 मध्ये 'तेजाब' आला, त्यातल्या माधुरीच्या नाचानं देश वेडा झाला, आणि तेव्हा कुठं फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. बोलपट आला 1931 मध्ये. म्हणजे सिनेमा नाचायला लागल्यापासून पन्नासहून जास्त वर्षं, नाच बसवणाऱ्यालाही पुरस्काराच्या यादीत जागा नव्हती. मग नाचणाऱ्यांची काय कथा!

कुणी म्हणेल, बघा, गुण असेल तर माणूस पुढं येतोच. मला हे पटत नाही. ग्रुपमधल्या शेकडो जणींमधून तिघी-चौघी पुढं आल्या, म्हणून बाकीच्यांची मेहनत कमी ठरत नाही. वर्गातली एक मुलगी बोर्डात आली म्हणून बाकीच्या मुलींची हजेरी मी खोडून टाकत नाही.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. हॉलिवूडच्या संगीतपटांचा जो सुवर्णकाळ म्हणतात, त्याची गोष्ट अशीच आहे. 1933 च्या 'फोर्टी सेकंड स्ट्रीट'पासून बझबी बर्कली या नृत्यदिग्दर्शकानं शेकडो मुलींची फुलं, चाकं, कारंजी उभी केली आणि वरून कॅमेरा लावला. तो एकेका मुलीचा चेहरा जवळून दाखवायचाही. चेहरा दिसायचा, नाव नाही. आपल्याकडं 1948 मध्ये मद्रासच्या जेमिनी स्टुडिओनं 'चंद्रलेखा'त प्रचंड नगाऱ्यांवर शेकडो नर्तकांना नाचवलं. त्या नाचाबद्दल आजही लिहिलं जातं ते नगाऱ्यांच्या आकाराबद्दल आणि खर्चाबद्दल.

ऑस्करमध्ये नृत्यदिग्दर्शनाचा विभाग 1930 च्या दशकात सुरू झाला आणि तीनच वर्षांत बंद पडला. 'जंटलमेन प्रिफर ब्लॉंड्स'मध्ये मेरिलिन मन्रोच्या मागं नाचणाऱ्या पुरुषांत जॉर्ज चकिरिस नावाचा तरुण होता, नामावलीत नाव नसलेला. काही वर्षांनी 'वेस्ट साइड स्टोरी'साठी त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे तिथंही जयश्रीबाईंचीच कहाणी.

सगळ्यांत गमतीची गोष्ट 1952 च्या 'सिंगिंग इन द रेन'ची. एक नटी दुसरीच्या आवाजावर स्वतःचं नाव मोठं करते आणि शेवटी पडदा सरकवून खरी गाणारी लोकांना दाखवली जाते, असं त्याचं कथानक. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, न्याय झाला म्हणून. प्रत्यक्षात त्या खऱ्या गाणारीची भूमिका करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्या एका गाण्यासाठी आवाज घेतला होता बेटी नॉयस हिचा, आणि तिचं नाव चित्रपटात नाही. श्रेय चोरू नये हे शिकवणाऱ्या चित्रपटातच हे घडलं. 1983 च्या 'फ्लॅशडान्स'मध्ये नायिकेचे अवघड नाच प्रत्यक्षात केले मरीन जहान या नर्तकीनं. नामावलीत तिचंही नाव नव्हतं.

आता यावर घेतले जाणारे आक्षेप. पहिला आक्षेप, एवढी नावं दाखवायची कुठं? पूर्वी रीळ महाग होतं, हे मान्य. आज चित्रपट संपल्यावर पाच-सात मिनिटं नावं सरकत असतात. संगणकावर दृश्यं रंगवणारे शेकडो जण त्यात असतात, ड्रायव्हर असतात, जेवण पुरवणारे असतात. असायलाच हवेत. मग त्यांच्यासोबत नाचणारेही मावतील. फराह खाननं 'मैं हूँ ना' आणि 'ओम शांती ओम'च्या शेवटी पडद्यामागच्या माणसांना पडद्यावर आणलं. 'ओम शांती ओम'मध्ये तर स्पॉटबॉयसुद्धा लाल गालिच्यावरून चालत येतात. स्वतः नृत्यदिग्दर्शक असलेल्या बाईला हे सुचावं, यात नवल नाही.

दुसरा आक्षेप, पैसे मिळाले ना, मग नाव कशाला? इमारत बांधणाऱ्या गवंड्याचं नाव भिंतीवर असतं का? गवंड्याचंही असावं, असंच मी म्हणेन. पण फरक आहे. आपण तिकीट काढून जे बघतो, ते त्या नर्तकीचं शरीर, तिचा चेहरा, तिचा घाम आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. माझ्या समजुतीप्रमाणे कलाकाराच्या मजुरीत पैशांसोबत नावही येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो आपल्या समाजात मला वारंवार ऐकायला मिळतो. नाचगाण्यातल्या बायकांची नावं कशाला उकरून काढायची? त्यांच्या लेकी-सुनांना त्रास होईल. यामागं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. एक म्हणजे हिणवणं. 'नाचणारी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, मुसलमान घरांत आणि हिंदू घरांतही, आणि संध्याकाळी टीव्हीवर तीच गाणी बघतो. नाच योग्य की अयोग्य, यावर ज्याचं त्याचं मत असू शकतं. मजहबी चर्चा करणाऱ्यांनी ती करावी. पण बघणारा इज्जतदार आणि नाचणारी बदनाम, हा हिशेब कोणत्याही मजहबाचा नाही.

दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. काही जणींनी नाव स्वतःहून लपवलं. त्यांना ते लपवण्याचा हक्क आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला हे दरवर्षी दिसतं. एकटी गाणारी मुलगी आली की निवेदक तिचं पूर्ण नाव सांगतो. समूहनृत्याला मात्र 'आठवीच्या मुली' एवढंच. मी कार्यक्रमपत्रिकेत नाचणाऱ्या सगळ्या मुलींची नावं घालायचा आग्रह धरते. त्या याद्या करताना एखादी मुलगी हळूच येऊन सांगते, "मॅडम, माझं नाव नको. अब्बांनी नाचायला परवानगी दिली आहे, पण नाव छापायला नाही." मी तिचं नाव घालत नाही. पण त्यासाठी आधी तिला विचारावं लागतं. पत्रिकेत बाकी दहा नावं असतात आणि तिची जागा तिच्या मर्जीनं रिकामी असते. सिनेमावाल्यांनी कुणालाच विचारलं नाही. न विचारता सगळ्यांना पुसून टाकलं आणि वर म्हणायचं की त्यांची अब्रू राखली, हे मला मान्य नाही.

आणि नावाचा प्रश्न शेवटी पोटापाशी येतो. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे, आणि महिन्याला 5,000 रुपये मिळतात. अर्ज करताना आपण कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. गायकाकडं रेकॉर्ड असते, लेखकाकडं पुस्तक असतं, शाहिराकडं कार्यक्रमाचं हँडबिल असतं. चाळीस वर्षांपूर्वी दहा-बारा चित्रपटांत मागच्या रांगेत नाचलेल्या बाईनं काय जोडायचं? स्वतःचा धूसर चेहरा दाखवून 'ही मी' असं म्हणायचं? कचेरीत बसलेल्या माणसानं ते मानावं तरी कशाच्या आधारावर? पाटीवर एक ओळ असती, तर तिच्या म्हातारपणाची औषधं निघाली असती.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आपल्या कोल्हापुरातच आहे. महामंडळानं मनावर घेतलं तर नव्या मराठी चित्रपटांच्या नामावलीत समूहनृत्यातल्या प्रत्येकाचं नाव, त्याच्या संमतीनं, येऊ शकतं. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरण होतं, तिथं काम करणाऱ्या नव्या मुलामुलींपासून ही सुरुवात करता येईल. जुन्यांसाठी नोंदवही हवी: कोण, कोणता चित्रपट, कोणतं गाणं, सोबत कोण होतं.

हे अशक्य नाही. हिंदी सिनेमाच्या काही चाहत्यांनी जुन्या गाण्यांतले चेहरे इंटरनेटवर एकेक करून ओळखायला घेतले. त्यांना एडविना नावाच्या अँग्लो-इंडियन नर्तकीचा पत्ता लागला. तिनं स्वतःबद्दल सांगितलं आणि सोबत नाचणाऱ्यांचीही ओळख पटवून दिली. ज्यांना आपण अर्धं आयुष्य पडद्यावर बघत होतो, त्यांना नावं मिळाली. हौशी माणसांनी घरबसल्या हे केलं. कोल्हापुरात तर या बायका आपल्याच गल्लीत राहत असतील.

माझ्या वाचकांना एवढंच सांगते. तुमच्या घरात, शेजारात कुणी नानी, आजी, मावशी जयप्रभाच्या किंवा शालिनीच्या सेटवर नाचली असेल, तर तिच्यापाशी बसा. आधी तिला विचारा, सांगायचं आहे का. नको म्हणाली तर चहा पिऊन उठा. हो म्हणाली तर वहीत लिहून घ्या, फोटो असेल तर त्याच्या मागं नावं लिहा, आणि तिच्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभी होती तेही विचारा. उशीर करू नका. त्या पिढीतल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.